खिरीच्या तळाचे मनुके

दोन वर्षांपूर्वीच्या वैशाख पौर्णिमेची ही हकीकत. सांगावी की न सांगावी, असे बरेच दिवस मनात चालले होते. चूक आमचीच होती, आणि आपली चूक चारचौघांत सांगायला माणूस कचरतोच. पण परवा वस्तीतले एक लेकरू कुत्र्याच्या पिल्लाला द्राक्षे भरवताना दिसले आणि ठरवले, लिहूनच टाकू.

आमचे इस्लापूर किनवट तालुक्यात. सहस्रकुंडचा धबधबा पाहायला पावसाळ्यात लोक या बाजूला येतात. वैशाखात इकडे नुसते ऊन. तरी त्या दिवशी सकाळी आठालाच विहारात माणूस मावत नव्हते. पंचशील ध्वज वर गेला, त्रिसरण-पंचशील झाले, बाबासाहेबांच्या आणि तथागतांच्या प्रतिमेला पुष्प वाहिले, आणि मग खीरदान. उरुवेलेला सुजातेने सिद्धार्थ गौतमाला खीर दिली, तिची आठवण म्हणून आपल्या बहुतेक विहारांत या दिवशी खीर होते. महिला मंडळाने घरोघर फिरून दूध जमवले होते. तांदूळ एकाचा, साखर दुसऱ्याची, चारोळी कोणी जंगलातून वेचून आणलेली. मनुके आमच्याकडे होते. विहाराच्या कामात हात आखडता घ्यायचा नाही म्हणून नांदेडहून चांगले दोन किलो आणले आणि कारकुनी सवयीप्रमाणे पावतीसुद्धा फाईलला लावली.

संध्याकाळी पातेले खरवडायची वेळ आली. खीर ढवळली नाही की मनुके तळाला जाऊन बसतात, दूध पिऊन टपोरे फुगतात. लेकरे वरचे वर खाऊन गेली होती. तळाचे सगळे उरले. टाकून कसे द्यायचे? आम्हीच पुढे होऊन पळसाच्या चार पत्रावळ्यांवर ते वाढले आणि वस्तीतल्या कुत्र्यांना हाक मारली. घरच्या टॉबीसाठी एक वाटी वेगळी भरून नेली. सणाचा दिवस, त्यानेही गोड खावे.

या टॉबीविषयी थोडे सांगायला हवे. तो काही लातूरकडच्या पश्मी कुत्र्यांसारखा नामांकित जातीचा नाही. गावरानच, तांबूस, एक कान पडका. धाकट्या मुलीने पावसात भिजलेला उचलून आणला तेव्हा आमच्या मातोश्रींनी उंबऱ्यातच अडवले होते. "कुत्र्याला घरात? आन् वर त्याला वाटी? आरं, आपुन पदरात उष्टं घेऊन आलो, बहात्तरच्या दुष्काळात सुकडीवर दिस काढले. तवा आपल्याला कुणी वाटी दिली होती का?"

यावर आम्हाला उत्तर सुचले नाही. आपल्या जुन्या माणसांच्या मनात कुत्र्याविषयी जी अढी असते ती उगाच नसते. चांडाळाचे धन म्हणजे कुत्री आणि गाढवे, असे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात लिहून ठेवले होते. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला तिचे दहन झाले, पण त्याच्या आधी किती पिढ्या त्या एका वाक्याखाली जगल्या. कुत्र्या-मांजराने तोंड लावलेले पाणी चालायचे, आपल्या माणसाची सावली चालत नव्हती. ज्याला कुत्र्यापेक्षा खाली ठेवले, त्याने कुत्र्याचे लाड पाहून तोंड वाकडे केले तर नवल काय?

तोड मुलीनेच काढली. शाळेच्या भाषणासाठी तिने बाबासाहेबांवरचे एक सचित्र पुस्तक आणले होते. त्यात फेब्रुवारी 1934 मधला राजगृहातला तो प्रसिद्ध फोटो आहे. यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंदराव, आणि सोबत बाबासाहेबांचा आवडता कुत्रा टॉबी. मुलीने तो आजीपुढे धरला. मातोश्रींनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला. रमाईवर बोट फिरवले, मग कुत्र्यावर. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच कोपऱ्यातली एक चेपलेली ॲल्युमिनियमची वाटी घासून दारात ठेवली. त्या दिवसापासून पिल्लू टॉबी झाले.

तर पौर्णिमेच्या रात्री दोनच्या सुमाराला टॉबीला उलटी झाली. मग आणखी दोन. आम्ही म्हटले, गोड जास्त झाले, ऊनही लागले असेल. सकाळी तो उठेना. पाण्याची वाटी पुढे केली तर तोंड फिरवले. तेवढ्यात बाहेर गलका ऐकू आला. विहाराच्या भिंतीमागे वस्तीतली काळी कुत्री आडवी पडली होती, आणखी एक ओकत होते.

नऊ वाजेपर्यंत एकच शब्द तोंडोतोंडी झाला: विष घातले.

जयंतीच्या मिरवणुकीच्या मार्गावरून महिनाभर आधी गावात बोलाचाली झाली होती. ती मिटली होती, पण राख वरवर निवली म्हणून आत निखारा नसतो असे नाही. सात-आठ तरुण आमच्या ओट्यावर आले. "काका, आता गप बसायचं नाही. आज कुत्री, उद्या लेकरं. तुम्ही अर्ज लिहा, आम्ही सह्या करतो." त्यांनी दोन नावेही सांगितली. वस्तीतले सगळे अर्ज आम्हीच लिहितो: शिष्यवृत्तीचा असो, घरकुलाचा असो. हात सवयीने कागदाकडे गेला. 'प्रति' लिहिले, 'विषय' लिहिले, त्यापुढे 'बौद्धवस्तीतील मुक्या जनावरांवर विषप्रयोग झालेबाबत' एवढेही लिहून झाले. खरे सांगायचे तर आमचाही संशय तिकडेच होता.

अर्जात लक्षणे लिहावी लागतील म्हणून एका ओळखीच्या पशुवैद्याला फोन लावला. उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला तरुण डॉक्टर, आता नांदेडला असतो. त्याने कुणाचे नाव विचारले नाही. त्याचा पहिला प्रश्न होता, "काल काय खाल्लं?"

"खीर. विहारातली. आम्हीही तीच खाल्ली."

"खिरीत काय काय होतं?"

आम्ही मोजून सांगू लागलो. दूध, तांदूळ, साखर, चारोळी, मनुके...

"थांबा काका. मनुके किती?"

आम्ही दोन किलोचा आणि तळाचा हिशेब सांगितला. पलीकडे तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "विष कुणी घातलेलं नाही. कुत्र्याला आत्ताच्या आत्ता घेऊन निघा."

ओट्यावरची पोरे आमच्या तोंडाकडे पाहत होती. त्यांना सांगायला जेवढी जीभ जड झाली तेवढी भर सभेत कधी झाली नाही. पोरांचा विश्वास बसेना. एक म्हणाला, "काका, मनुक्यानं कुठं कुणी मरतं?" दुसऱ्याने मुद्द्याचे विचारले, "चार कुत्र्यांनी खाल्लं, दोन तर तिकडं पळायलेत. मग?" हेच आम्हीही डॉक्टरला विचारले होते. तो म्हणाला, सगळ्या कुत्र्यांना सारखे बाधत नाही. एखाद्याला मूठभर खाऊन काही होत नाही, दुसऱ्याची थोड्याशा मनुक्यांनी मूत्रपिंडे निकामी होतात. कुणाला बाधेल ते आधी ओळखता येत नाही. म्हणून तर लोकांना खरे वाटत नाही.

मागच्या वर्षावासात भन्तेजींनी कुक्कुर जातक सांगितले होते, ते त्या वेळी आठवले. पूर्वजन्माची गोष्ट म्हणून आम्ही जातके ऐकत नाही, न्यायाची गोष्ट म्हणून ऐकतो. वाराणसीच्या राजाचा रथ रात्री अंगणात पावसात भिजला आणि त्याचे चामड्याचे पट्टे कुत्र्यांनी कुरतडून खाल्ले. राजाने चौकशी न करता हुकूम सोडला, दिसेल ते कुत्रे मारा. फक्त राजवाड्यातली उंची जातीची कुत्री वगळा. मरणाच्या भीतीने कुत्री स्मशानात आपल्या म्होरक्याकडे धावली. म्होरक्या सरळ राजापुढे उभा राहिला आणि म्हणाला, गुन्हेगार कोण हे न तपासता मारणे हा न्याय नव्हे. थोडे ताक आणि दर्भ आणा, दर्भ ताकात कुटून राजवाड्यातल्या कुत्र्यांना पाजा. पाजले. कुत्र्यांनी ओकून टाकले, आणि त्यात चामड्याचे तुकडे निघाले.

बाहेरच्यांवर आळ आणि माल घरात! आमच्या हातात अर्धा लिहिलेला अर्ज होता. विषयाच्या ओळीवर काट मारली, कागद उलटा केला, आणि डॉक्टर फोनवर जे सांगत होता ते मागच्या कोऱ्या बाजूला उतरवून घेतले. तो कागद अजून आमच्याकडे आहे.

मातोश्री मीठ-पाणी पाजून उलटी करवायला निघाल्या होत्या. डॉक्टरने फोनवरच बजावले, ते मुळीच करू नका, मिठाने वेगळी विषबाधा होते. मनुके खाल्ल्यापासून पहिल्या एक-दोन तासांत आणले असते तर त्याने इंजेक्शन देऊन उलटी काढली असती. आता ती वेळ टळून गेली होती. टॉबीला पोत्यात गुंडाळले, थोरल्याने मोटारसायकल काढली, आम्ही मागे त्याला मांडीवर घेऊन बसलो. त्या उन्हातला तो प्रवास लिहीत नाही. नांदेडला पोचल्याबरोबर सलाईन सुरू झाले. दोन रात्री आणि तीन दिवस. रक्तातले क्रिएटिनिन रोज तपासले जायचे. लघवी होते की नाही यावर सगळे अवलंबून होते. दुसऱ्या दिवशी दुपारी टॉबीने दवाखान्याच्या फरशीवर लघवी केली तेव्हा आम्ही आणि थोरला, दोघेही हसलो. पुसायला फडके आम्हीच मागून घेतले.

तिथे बसल्या बसल्या डॉक्टरने कारण समजावून सांगितले. द्राक्षे-मनुक्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे बिघडतात हे साधारण 2001 च्या सुमारास अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या ध्यानात आले, पण नेमके कशाने ते पुढे वीस वर्षे उलगडले नव्हते. 2021 मध्ये तिथल्या प्राणी-विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. तेच आम्ल चिंचेत भरपूर असते, आणि चिंच खाऊन कुत्र्यांना तसाच त्रास झाल्याचेही दिसले आहे. आमच्या दारात चिंचेचे झाड! म्हणजे इतके दिवस पोरे चिंचेचे बोटूक टॉबीला चाटायला देत होती ती मजाही बंद झाली. मनुका म्हणजे सुकलेले द्राक्ष, पाणी उडून गेलेले, म्हणून वजनाला वजन द्राक्षापेक्षा जहाल.

मग आमच्या शंका निघत गेल्या आणि कागदाची मागची बाजू भरत गेली.

आंबा चालतो. गर थोडा द्यावा. कोय मात्र कधीच नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात कोय चोखून झाली की कुत्र्यापुढे फेकायची रीत आहे. कुत्रे ती गिळते, कोय आतड्यात अडकते, आणि मग पोट फाडूनच काढावी लागते. बोराची आणि जांभळाची आठळीही तशीच काढून टाकावी. अर्धापूरची केळी बाजारात येतात, त्यातले दोन बोटे केळे, साल काढून. टरबुजाची फोड बिया आणि पाठ काढून दिली तर उन्हाळ्यात कुत्र्याला त्याच्यासारखे दुसरे सुख नाही. पपई, पेरू, चिकूचा गर, सफरचंदाची फोड, सगळे बिया काढून. सीताफळ मात्र आम्ही देतच नाही. त्याची बी विषारी. पूर्वी बायका उवा मारायला तिचीच पूड लावायच्या आणि ती डोळ्यात गेली की डोळ्याला इजा व्हायची. गर वाईट नसला तरी प्रत्येक बी वेगळी करत बसण्याइतका संयम आमच्या घरात कुणाला नाही. लिंबू तर कुत्रे स्वतःच नाकारते, तिथे ते आपल्यापेक्षा शहाणे.

दुधाचे ऐकून मातोश्रींना धक्का बसला. दूध बाधते, हे त्यांना पटेना. पिल्लू आईचे दूध पचवते, पण मोठे झाल्यावर बहुतेक कुत्र्यांच्या पोटात दुधातली साखर पचवणारा रस कमी होतो. मग वाटीभर गायी-म्हशीचे दूध प्यायले की पोट गडगडते, जुलाब होतात. दह्यात विरजणाने ती साखर बरीच कमी केलेली असते, म्हणून साधे दही चमचा-दोन चमचे बहुतेकांना चालते. ताक पातळ, बिनमिठाचे. आपले फोडणीचे ताक नको, कारण लसूण आणि कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात. घरचे पनीर बिनमिठाचे असेल तर नखाएवढा तुकडा. तूप, साय, बासुंदी, पेढा, श्रीखंड यांतली चरबी स्वादुपिंडाला झेपत नाही. चॉकलेट अजिबात नाही. आणि ज्यांच्या घरी मधुमेहासाठी बिनसाखरेची गोळी-मिठाई येते त्यांनी पुडा उंच ठेवावा. त्यातल्या झायलिटॉल नावाच्या पदार्थाने कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम उतरते.

हे सगळे मिळून दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको, असे डॉक्टरने सांगितले. बाकी भाकरी, भात, अंडे, जे आपण बिनतिखटाचे, बिनमिठाचे देऊ ते. आम्ही विचारले, गरिबाच्या घरी एवढे पथ्य कोण पाळणार? तो हसून म्हणाला, "काका, गरिबाच्याच घरी सोपं आहे. बासुंदी नाहीच की रोज!"

परतीच्या वाटेवर सम्राट अशोकाचा विचार मनात आला. गिरनारच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांची आणि जनावरांची अशा दोन्ही चिकित्सांची सोय केल्याचे कोरलेले आहे, आणि जिथे औषधी वनस्पती, मुळे, फळे नव्हती तिथे ती आणून लावल्याचेही. आम्ही भाषणात हा लेख नेहमी सांगतो. प्रज्ञा, शील, करुणा हेही सांगतो. पातेल्याच्या तळाला हात घालताना आमच्यापाशी करुणा होती, पण प्रज्ञा नव्हती.

वस्तीत उतरलो ते तिसऱ्या दिवशी रात्री. टॉबी थोरल्याच्या खांद्यावर झोपला होता. लेकरे धावत आली. त्यातल्या एकाने सांगितले, काळी त्याच दिवशी दुपारनंतर काही खाईना, काल गेली, आम्ही तिला नाल्याकडेला पुरले.

ज्या सकाळी आम्ही टॉबीला पोत्यात गुंडाळत होतो त्या वेळी काळी विहाराच्या भिंतीमागे, आमच्यापासून पन्नास पावलांवर होती. ती कुणाच्या घरची नव्हती. विहाराच्या दारात झोपायची, रात्री अनोळखी माणसावर भुंकायची. तिला न्यावे असे आमच्या मनात आले नाही. मोटारसायकलवर जागा नव्हती, हे खरे. टेम्पो सांगता आला असता, हेही खरे. राजवाड्यातली कुत्री आणि बाहेरची कुत्री हा भेद जातकातल्या राजाने केला म्हणून आम्ही वर्षावासात मान डोलावली होती.

विषप्रयोगाचे म्हणाल तर ते त्याच आठवड्यात विरले. तरी ज्या दोघांची नावे आमच्या ओट्यावर घेतली गेली त्यांच्यापैकी एकजण पुढे बाजारात भेटला तेव्हा आम्हाला त्याच्याकडे सरळ पाहता आले नाही. त्याला काही माहीतही नव्हते. त्याने नेहमीसारखा रामराम केला, आम्ही जयभीम म्हटले, आणि त्याच्याच गाड्यावरून एक टरबूज घेतले.

पुढच्या वर्षीच्या पौर्णिमेला महिला मंडळाच्या बैठकीत आम्ही विषय काढला. मनुके खिरीत घालायचेच नाहीत असा आमचा प्रस्ताव होता. तो पडला. लेकरांना मनुके आवडतात, कुत्र्यांसाठी लेकरांचे तोंड का बांधायचे, असे एका बाईंनी विचारले. त्यांचे चुकीचे नव्हते. शेवटी असे ठरले की खिरीत चारोळी आणि वेलची, मनुके वेगळ्या ताटात, ज्याला हवे त्याने वाटीत वरून घ्यावे. पत्रावळ्या उघड्यावर टाकायच्या नाहीत, खड्डा खणून लगेच मातीआड करायच्या. खड्ड्याचे काम ओट्यावर आलेल्या त्याच तरुणांनी घेतले. कुत्र्यांसाठी टरबुजाच्या बिया काढून फोडी ठेवल्या, विहारापाशी राहणाऱ्या चारही कुत्र्यांसाठी सारख्या.

आणि मनुक्यांच्या ताटापाशी आमच्या मातोश्री काठी घेऊन बसल्या होत्या. खीर संपेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत. टॉबी दुरून शेपूट हलवत होता. "तिकडं बस," त्या त्याला म्हणत होत्या, "तुला टरबूज हाय."